आधुनिक मूर्तिपूजा (ख्रिस्ती संकल्पना)

आधुनिक मूर्तिपूजा ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील आणि आध्यात्मिक मार्गदर्शनातील एक संकल्पना आहे. केवळ देवाला द्यावयाचे अंतिम प्रेम, विश्वास आणि आज्ञापालन माणूस जेव्हा एखाद्या निर्मित वस्तूला, व्यक्तीला, संस्थेला किंवा कल्पनेला देतो, तेव्हा ती गोष्ट त्याची ‘मूर्ती’ बनते, असे या संकल्पनेत मानले जाते. अशी मूर्ती दगडाची, लाकडाची वा धातूची असण्याची आवश्यकता नसते. पैसा, सत्ता, प्रतिष्ठा, राष्ट्र, व्यवसाय, अपत्ये, इतकेच नव्हे तर धर्मकार्यदेखील हे स्थान घेऊ शकते. यांतील बहुतेक गोष्टी मुळात चांगल्या असतात. त्यांचे असणे हा दोष नसून त्यांना मिळालेले स्थान हा दोष मानला जातो.

‘आधुनिक’ हे विशेषण अलीकडचे असले, तरी कल्पना प्राचीन आहे. तिचा आधार बायबलच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही करारांत आढळतो. ख्रिस्ती परंपरेत या संकल्पनेचा मुख्य रोख इतरांच्या उपासनेवर नसून श्रद्धावंताच्या स्वतःच्या अंतःकरणावर असावा, असे अनेक धर्मशास्त्रज्ञांनी प्रतिपादिले आहे.

## शब्दप्रयोग आणि व्याप्ती

नव्या करारातील मूर्तिपूजा या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द ‘एइदोलोन’ (प्रतिमा, आभास, छाया) आणि ‘लात्रेइया’ (सेवा, उपासना) या दोन शब्दांपासून बनला आहे. जुन्या करारातील हिब्रू भाषेत मूर्तीसाठी अनेक शब्द येतात. ‘पेसेल’ म्हणजे कोरलेली प्रतिमा, तर ‘एलिल’ या शब्दात निरर्थकतेचा, पोकळपणाचा भाव आहे. ‘वाफ’ किंवा ‘श्वास’ असा अर्थ असलेला ‘हेवेल’ हा शब्दही संदेष्ट्यांच्या ग्रंथांत मूर्तींना उद्देशून वापरलेला दिसतो. जे आधार देईल असे वाटते पण देऊ शकत नाही, ही छटा या शब्दसमूहात प्रारंभापासूनच आहे.

मराठीत ‘मूर्तिपूजा’ हा शब्द प्रामुख्याने हिंदू उपासनापद्धतीचा वाचक आहे व त्या परंपरेत तो आदराचा शब्द आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ही पारिभाषिक संज्ञा त्याहून वेगळी आहे. मराठी प्रवचनांत आणि धार्मिक लेखनात म्हणून कधी ‘हृदयातील मूर्ती’, तर कधी ‘आसक्ती’ असे पर्यायी शब्दप्रयोग केले जातात. मात्र आसक्ती आणि मूर्तिपूजा हे पूर्णतः समानार्थी नाहीत. आसक्ती ही मनाची ओढ होय. ती ओढ जीवनाचा अंतिम आधार ठरू लागली, म्हणजे तिला मूर्तिपूजा म्हटले जाते.

## बायबलमधील आधार

### जुना करार

दहा आज्ञांमध्ये (निर्गम, अध्याय २०, अनुवाद, अध्याय ५) परमेश्वराखेरीज अन्य देव न मानण्याची आणि उपासनेसाठी कोरीव प्रतिमा न करण्याची आज्ञा येते. कॅथोलिक व ल्यूथरन परंपरा ही एकच आज्ञा धरतात, तर ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व सुधारित परंपरा तिच्या दोन आज्ञा मानतात. निर्गमाच्या ३२व्या अध्यायातील सोन्याच्या वासराची कथा या विषयातील मूळ कथा समजली जाते. मोशे सीनाय पर्वतावरून परतण्यास उशीर लावतो, लोक अस्वस्थ होतात आणि अहरोन त्यांच्याच कानांतील सोन्याचे दागिने वितळवून वासरू घडवितो. त्यापुढील उत्सवाला तो परमेश्वराचा उत्सव असे नाव देतो. परमेश्वराला उघडपणे न नाकारताही त्याची जागा दुसऱ्या कशाला देता येते आणि या अदलाबदलीच्या मुळाशी पुष्कळदा भय व उतावीळपणा असतो, असा बोध भाष्यकार या कथेतून घेतात.

मूर्तीचा अर्थ घडविलेल्या प्रतिमेपलीकडे नेणारे उल्लेखही जुन्या करारात आहेत. यहेज्केलाच्या १४व्या अध्यायात इस्राएलाच्या वडीलजनांनी आपल्या मूर्ती अंतःकरणात बाळगल्याचा ठपका आहे. ईयोबाच्या ३१व्या अध्यायात सोन्यावर भरवसा ठेवणे आणि सूर्यचंद्रांना वंदन करणे ही दोन्ही एकाच ओघात देवाशी केलेली प्रतारणा म्हणून येतात. हबक्कूकाच्या पहिल्या अध्यायात आक्रमक खास्दी लोकांची तुलना आपल्या जाळ्यालाच यज्ञ अर्पण करणाऱ्या मासेमाराशी केली आहे. उपजीविकेचे साधनच उपास्य कसे बनते, याचे हे प्राचीन चित्र आहे.

पितळी सर्पाचा प्रसंग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. गणना या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात मोशेने देवाच्याच आज्ञेवरून तो सर्प घडविला आणि त्याकडे पाहणारे सर्पदंशित वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनंतर लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा राजा हिज्कीयाने त्याचे तुकडे केले (२ राजे, अध्याय १८). देवाने दिलेले, एके काळी जीव वाचविणारे साधनही मूर्ती बनू शकते, हे तत्त्व या प्रसंगावरून मांडले जाते.

### नवा करार

येशूच्या शिकवणीत दगडी वा धातूच्या मूर्तींचा उल्लेख जवळजवळ नाही. मात्र देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, ही शिकवण मत्तय (अध्याय ६) व लूक (अध्याय १६) या दोन्ही शुभवर्तमानांत आहे. मूळ ग्रीक ग्रंथात येथे ‘मामोन’ हा अरामी भाषेतील शब्द तसाच ठेवला आहे. त्यामुळे संपत्ती ही केवळ वस्तू न राहता प्रतिस्पर्धी धनी म्हणून समोर उभी राहते.

पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांत ही कल्पना अधिक स्पष्ट होते. कलस्सैकरांस (अध्याय ३) आणि इफिसकरांस (अध्याय ५) लिहिलेल्या पत्रांत लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. लोभासाठी तेथे वापरलेल्या ‘प्लिओनेक्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अधिकाची हाव’ असा आहे. फिलिप्पैकरांस पत्रात (अध्याय ३) पोट हेच ज्यांचे दैवत आहे अशांचा उल्लेख येतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात निर्मात्याऐवजी निर्मितीची सेवा करणे हे मानवी पतनाचे मूळ म्हणून वर्णिले आहे. योहानाचे पहिले पत्र तर मूर्तींपासून सावध राहण्याच्या सूचनेनेच संपते. त्या पत्रात याआधी मूर्तींचा विषय कोठेही आलेला नसल्याने ही सूचना हृदयातील मूर्तींना उद्देशून असावी, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे.

## ऐतिहासिक विकास

### प्रारंभिक चर्च

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोक अल्पसंख्य असताना मूर्तिपूजेचा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहाराचा होता. कार्थेज येथील लेखक टर्टुलियन याने इ.स. २०० च्या सुमारास मूर्तिपूजेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून कोणता व्यवसाय ख्रिस्ती माणसाला करता येईल याची चिकित्सा केली. मूर्तिकार, ज्योतिषी व धूपविक्रेते यांच्याबरोबर त्याने शाळाशिक्षकांचाही विचार केला, कारण तत्कालीन शिक्षकाला रोमन देवदेवतांच्या कथा शिकवाव्या लागत आणि त्यांचे सण पाळावे लागत. ख्रिस्ती मुलाने अशा शाळेत शिकण्यास त्याने मुभा दिली, पण शिकविण्यास मनाई केली.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने या विषयाला अंतर्मुख वळण दिले. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि केवळ देव हाच त्याच्यासाठीच प्रेम करण्याजोगा असतो, असा भेद त्याने केला. मायदेशी निघालेला प्रवासी वाटेच्या आणि वाहनाच्या सुखातच रमला, तर तो घरी पोहोचत नाही, असा दृष्टान्त त्याने दिला आहे. ऑगस्टीनच्या मते पाप म्हणजे बहुधा चांगल्याच गोष्टीवर चुकीच्या क्रमाने केलेले प्रेम. पुढील बहुतेक विवेचन या ‘प्रेमाच्या क्रमा’च्या कल्पनेवर उभे आहे.

आठव्या व नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्यात पवित्र चित्रांवरून मोठा संघर्ष झाला. ७८७ साली भरलेल्या निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने चित्रांना दिलेला आदर आणि केवळ देवाला द्यावयाची उपासना यांत भेद करून चित्रांच्या वापरास मान्यता दिली. प्रतिमा असणे आणि प्रतिमेला अंतिम स्थान देणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे यामुळे औपचारिकपणे मांडले गेले.

### धर्मसुधारणा आणि कॅथोलिक नवजागरण

मार्टिन ल्यूथर याने १५२९ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या धर्मप्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचे स्पष्टीकरण करताना माणसाचे हृदय ज्याला चिकटून असते व ज्यावर विसंबते तेच त्याचे खरे दैवत, असा आशय मांडला. पैसा व मालमत्ता ही पृथ्वीवरील सर्वांत प्रचलित मूर्ती असे त्याने म्हटले. पण त्याबरोबर विद्वत्ता, सत्ता, नातेसंबंध आणि स्वतःच्या पुण्यकर्मांवरील भरवसा यांनाही त्याच पंक्तीत बसविले. जॉन कॅल्व्हिन याने मानवी मनाला सतत मूर्ती घडविणाऱ्या कारखान्याची उपमा दिली. १५६३च्या हायडेलबर्ग धर्मप्रश्नोत्तरीने देवाच्या जागी ‘किंवा त्याच्या जोडीला’ भरवशासाठी दुसरे काही ठेवणे, अशी मूर्तिपूजेची व्याख्या केली.

कॅथोलिक परंपरेत याच काळात आसक्तीपासून मुक्त होण्याच्या साधनेवर भर दिला गेला. इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ (१५४८) आणि संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) याचे लेखन ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. पक्षी जाड दोराने बांधलेला असो की बारीक धाग्याने, तो तुटेपर्यंत त्याला उडता येत नाही, हा जॉन ऑफ द क्रॉसचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे.

### अठराव्या शतकानंतर

जॉन वेस्ली याने योहानाच्या पहिल्या पत्रातील अखेरच्या सूचनेवर ‘आध्यात्मिक मूर्तिपूजा’ या विषयाचे प्रवचन लिहिले. इंद्रियसुखे व जीविताचा अभिमान यांबरोबरच पती, पत्नी व मुले यांनाही माणूस मूर्ती बनवितो, असे त्यात दाखविले आहे. विसाव्या शतकात या संकल्पनेला राजकीय अंग लाभले. जर्मनीत १९३४ साली बार्मेन येथील घोषणापत्राने नाझी विचारसरणीला चर्चमध्ये स्थान देण्यास विरोध केला. या घोषणेचा मुख्य मसुदा कार्ल बार्थ याचा होता. राज्य किंवा वंश यांना अंतिम निष्ठा देण्यास दिलेला नकार म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

कॅथोलिक चर्चच्या १९९२ मधील अधिकृत शिकवणग्रंथात सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्य व पैसा यांना देवाच्या जागी मान देणे हीदेखील मूर्तिपूजा असल्याचे नमूद आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३च्या ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या आवाहनपत्रात मानवी चेहरा हरवलेल्या अर्थव्यवस्थेचे वर्णन करताना सोन्याच्या वासराचा दाखला दिला. प्रोटेस्टंट वर्तुळात न्यूयॉर्कमधील पाळक टिमोथी केलर यांचे २००९ साली आलेले नकली देवांविषयीचे पुस्तक विशेष वाचले गेले. दृश्य मूर्तींच्या मागे सत्ता, इतरांची मान्यता, सुखसोय आणि नियंत्रण या चार खोलवरच्या मूर्ती असतात, असे विवेचन केलर करीत. एकाच पैशाला एक जण सुरक्षिततेसाठी, दुसरा रुबाबासाठी, तर तिसरा चैनीसाठी कवटाळतो. म्हणून वरची मूर्ती बदलली तरी आतली तशीच राहू शकते, असे या मांडणीचे सार आहे.

## प्रमुख स्वरूपे

* संपत्ती आणि उपभोग – नव्या करारात सर्वाधिक स्पष्टपणे उल्लेखिलेले स्वरूप. केवळ श्रीमंतीशी याचा संबंध नसून पैशावर टाकलेल्या भरवशाशी आहे. लूकाच्या १२व्या अध्यायातील कोठारे वाढविणाऱ्या धनवानाची कथा याचे उदाहरण मानली जाते.
* काम आणि यश – परिश्रम हा ख्रिस्ती नीतीत सद्गुण आहे; परंतु माणसाचे मोल त्याच्या पदावर किंवा कामगिरीवर ठरू लागले, की व्यवसाय मूर्ती बनतो. निवृत्ती, बेकारी किंवा आजारपण आल्यावर स्वतःचे अस्तित्वच संपल्यासारखे वाटणे हे त्याचे लक्षण समजले जाते.
* कुटुंब आणि अपत्ये – हे स्वरूप ओळखण्यास सर्वांत अवघड मानले जाते, कारण येथे प्रेम व मूर्तिपूजा यांची सीमारेषा पुसट असते. मुलाच्या परीक्षेच्या निकालावर घरातील साऱ्यांची शांती अवलंबून असणे, त्याच्या आयुष्यातून आपले अपुरे राहिलेले मनोरथ पूर्ण करू पाहणे, ही त्याची नित्याची रूपे होत. या प्रकारात मूर्ती बनविल्या गेलेल्या मुलालाही अपेक्षांचे ओझे सोसावे लागते, याकडे मार्गदर्शक लक्ष वेधतात.
* राष्ट्र, वंश व जात – समूहाविषयीच्या आपुलकीने न्याय व सत्य यांच्यावर मात केली, तर ती मूर्तिपूजा ठरते.
* शरीर, प्रतिमा आणि तंत्रज्ञान – आरोग्य व सौंदर्य यांचा अतिरेकी ध्यास, तसेच समाजमाध्यमांवरील पसंतीवर स्वतःचे मोल ठरविणे. सकाळी उठताच आणि रात्री निजताना माणूस प्रथम व शेवटी कशाकडे वळतो, हा प्रश्न या संदर्भात वारंवार विचारला जातो.
* धर्मकार्य – सेवा, धर्मसिद्धान्त, उपासनेची विशिष्ट पद्धत, चर्चची इमारत, लोकप्रिय धर्मोपदेशक किंवा स्वतःचे पावित्र्य हीच श्रद्धेचा विषय बनणे. पितळी सर्पाचा दाखला मुख्यतः याच संदर्भात दिला जातो.

## ओळखण्याच्या कसोट्या

मूर्ती बहुधा कर्तव्य, प्रेम वा गरज यांच्या रूपात वावरत असल्याने ती स्वतःला सहजासहजी दिसत नाही, असे या विषयावरील लेखनात गृहीत धरलेले असते. म्हणून आध्यात्मिक मार्गदर्शक थेट दोषारोप करण्याऐवजी प्रश्न विचारण्याची पद्धत अवलंबितात. त्यांतील काही प्रचलित कसोट्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. भयाची कसोटी – काय गमावण्याच्या विचाराने जगणे अशक्य वाटते? गमावल्याचे दुःख स्वाभाविक आहे. परंतु दुःख आणि सर्वस्व संपल्याची भावना यांत फरक केला जातो.
2. संतापाची कसोटी – कशाला धक्का लागताच प्रमाणाबाहेर राग येतो? संतापाच्या मुळाशी पुष्कळदा एखादी गुप्त निष्ठा आढळते.
3. बळीची कसोटी – कशासाठी सत्य, आरोग्य, विश्रांती किंवा दुसऱ्या माणसाचे हित यांचा नेमाने बळी दिला जातो? प्राचीन मूर्तींप्रमाणे आधुनिक मूर्तीही बळी मागतात, असे या कसोटीमागील सूत्र आहे.
4. कल्पनाविहाराची कसोटी – मन मोकळे असताना आपोआप कोठे जाते?
5. प्रार्थनेची कसोटी – मागितलेले न मिळाल्यास देवाशी असलेले नातेच तुटते काय? तसे असल्यास देव हा साध्य नसून साधन ठरला होता, असे मानले जाते.

इग्नेशियसच्या परंपरेत दिवसाच्या ठरावीक वेळी केले जाणारे आत्मपरीक्षण हे यासाठी नियमित साधन आहे. त्यात मनात आलेल्या समाधानाचा आणि अस्वस्थतेचा मागोवा घेतला जातो. अनेक मार्गदर्शक विश्वासू सहकारी, जोडीदार किंवा धर्मगुरू यांना विचारण्याचा सल्ला देतात, कारण माणसाची मूर्ती त्याच्याआधी त्याच्या घरच्यांना दिसते.

## सोडून देण्याचे मार्ग

### बायबलमधील नमुने

बायबलमध्ये मूर्तित्यागाचा एकच नमुना नाही. शखेम येथे याकोबाने घरच्यांच्या परक्या मूर्ती एला वृक्षाखाली पुरल्या (उत्पत्ती, अध्याय ३५). इफिस येथील जादूटोणा करणाऱ्यांनी आपले ग्रंथ सर्वांसमक्ष जाळले. त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात म्हटले आहे. येशूने श्रीमंत तरुणास सर्वस्व विकून गरिबांस देण्यास सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला. जकातदार जक्कयाने मात्र कोणी न सांगता अर्धी मालमत्ता देण्याचे व लुबाडलेले चौपट परत करण्याचे ठरविले, आणि ते पुरेसे मानले गेले. अब्राहामाला इसहाक परत मिळाला. त्याग करावयाचा तो वस्तूचा की तिच्यावरील पकडीचा, हा प्रश्न या भिन्न कथांमुळे पुढे येतो.

### तीन प्रकारची माणसे

या प्रश्नाचे सूक्ष्म विवेचन इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील एका चिंतनात आहे. त्यात तीन प्रकारच्या माणसांना प्रत्येकी १०,००० डकॅट ही मोठी रक्कम मिळते. ती त्यांनी गैरमार्गाने मिळविलेली नाही, पण केवळ देवाच्या प्रेमापोटीही मिळविलेली नाही, आणि तिची ओढ मनाची शांती हिरावते. पहिला माणूस आसक्ती सुटावी अशी इच्छा करतो, पण मरेपर्यंत काहीच करीत नाही. दुसऱ्याला आसक्ती सोडायची असते, परंतु रक्कम हातची न जाऊ देता. देवानेच आपल्या इच्छेपर्यंत यावे, असे त्याला वाटते. तिसरा रक्कम ठेवण्याची किंवा न ठेवण्याची ओढच बाजूला सारतो आणि देवाची सेवा ज्यात अधिक घडेल ते करण्यास सिद्ध होतो. पहिल्या माणसाची चालढकल सहज लक्षात येते. दुसऱ्याची तडजोड मात्र धार्मिकतेच्या वेषात असल्याने अधिक फसवी समजली जाते.

### प्रचलित साधना

* नाव घेणे व पापांगीकार – मूर्तीचा स्पष्ट शब्दांत उच्चार करणे. कॅथोलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत धर्मगुरूपुढे पापांगीकार केला जातो. प्रोटेस्टंट परंपरांत खासगी किंवा सामूहिक कबुलीवर भर असतो.
* उपवास – अन्नाबरोबरच खरेदी, करमणूक किंवा दूरध्वनी यांपासून ठरावीक काळ दूर राहणे. राखेच्या बुधवारी सुरू होणारा ईस्टरपूर्व उपवासकाळ ही त्याची सामूहिक संधी होय. उपवासात होणारी चिडचिड हीदेखील ओळखीची खूण मानली जाते.
* दान – संपत्तीची पकड ढिली करण्याचा सर्वांत जुना उपाय.
* विसाव्याचा दिवस – आपले काम थांबले तरी जग चालते, याचा साप्ताहिक अभ्यास.
* नव्या प्रेमाने जुन्याची जागा घेणे – स्कॉटिश धर्मोपदेशक थॉमस चामर्स (१७८०–१८४७) याने एका प्रसिद्ध प्रवचनात असे मांडले की, हृदय रिकामे राहू शकत नाही. जुनी ओढ निव्वळ निंदेने जात नाही, ती अधिक प्रबळ प्रेमानेच हटते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातही मूर्तींपासून फिरणे व जिवंत देवाकडे वळणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू म्हणून येतात.

सोडून देणे म्हणजे जबाबदारी टाकणे नव्हे, हेही या परंपरेत आवर्जून सांगितले जाते. आईवडिलांच्या पोषणासाठीचा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेला, असे सांगून कर्तव्य टाळणाऱ्यांवर येशूने कठोर टीका केली आहे (मार्क, अध्याय ७). मुलाला मूर्तिपदावरून उतरविणे म्हणजे त्याच्यावरचे प्रेम कमी करणे नसून त्याला मूल म्हणून जगू देणे होय. तसेच हा त्याग एकदाच करून संपत नाही. सोडलेली मूर्ती दुसऱ्या रूपाने परत येऊ शकते. मूर्ती सोडल्याचा अभिमानही त्यांपैकीच एक असतो.

## महाराष्ट्र आणि गोव्यातील संदर्भ

मूर्तिपूजेच्या आरोपाचा गोव्यातील इतिहास वेदनादायक आहे. १६व्या शतकात पोर्तुगीज राजवटीने तिसवाडी, साष्टी आदी भागांतील देवळे पाडली; अनेक दैवते भाविकांनी नदीपार हलविली. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. याच साष्टीत कार्य केलेल्या फादर थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा मराठी ओवीत सांगितल्या आहेत. बायबलमध्ये स्वजनांना आत्मपरीक्षणासाठी सांगितलेली आज्ञा सत्तेच्या हाती पडल्यावर इतरांविरुद्धचे शस्त्र कशी बनते, याचे उदाहरण म्हणून हा कालखंड पाहता येतो.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मिशनसंस्था आणि तिचे वेतन हे ख्रिस्तभक्तीचे पर्याय नव्हेत, ही भूमिका त्यातून व्यक्त झाल्याचे म्हणता येते.

भारतीय चर्चमध्ये जात हा या संदर्भातील जिवंत प्रश्न आहे. भारतीय कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधील जातिभेदाची दखल घेतली. बाप्तिस्म्यानंतरही टिकून राहिलेला जातीचा अभिमान ही मूर्तिपूजाच होय, अशी मांडणी काही भारतीय ख्रिस्ती विचारवंत करतात.

## टीका आणि मर्यादा

या संकल्पनेवर धर्मशास्त्राच्या आतून व बाहेरून आक्षेप घेतले गेले आहेत. पहिला आक्षेप अतिव्याप्तीचा आहे. प्रत्येक आवडत्या गोष्टीला मूर्ती म्हटले, तर शब्दाला अर्थ उरत नाही आणि संगीत, मैत्री, भोजन यांसारख्या निर्मळ आनंदांवर संशयाची छाया पडते. देवाची निर्मिती चांगली आहे, या बायबलमधील शिकवणीशी हे विसंगत ठरते.

दुसरा आक्षेप मानसिक आरोग्याशी संबंधित आहे. व्यसन, चिंताविकार किंवा नैराश्य यांना निव्वळ मूर्तिपूजा ठरविल्यास आजारी माणसावर अपराधाचे जादा ओझे पडते व उपचार लांबतात. अतिचिकित्सक मनाच्या व्यक्तीला आत्मपरीक्षणाच्या कसोट्याच छळू लागतात. त्यामुळे अशा व्यक्तींना वैद्यकीय मदतीसह अनुभवी मार्गदर्शक असावा, असे सुचविले जाते.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे. पोटाची भ्रांत असलेल्या माणसाची पैशाविषयीची काळजी आणि संपन्न माणसाची हाव यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी धर्मशास्त्रज्ञांनी म्हणूनच वैयक्तिक मूर्तींपेक्षा माणसांचे बळी घेणाऱ्या आर्थिक व राजकीय व्यवस्थांना मूर्ती म्हटले. तसेच ‘त्याग कर’ हा उपदेश घरात आधीच सर्वाधिक त्याग करणाऱ्या स्त्रीला केला जातो, तेव्हा तो अन्यायाला धार्मिक आधार पुरवितो, याकडे स्त्रीवादी अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

अन्य धर्मांच्या उपासनेविषयी बोलताना ही संज्ञा वापरावी की नाही, याबाबत ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील सत्य व पवित्र अंशांचा आदर करण्याची भूमिका घेतली, तर काही इव्हँजेलिकल गट पारंपरिक अर्थच ग्राह्य मानतात. श्रद्धावंताने ही कसोटी प्रथम स्वतःला लावावी, याविषयी मात्र पंथापंथांत फारसे दुमत नाही.

## हे सुद्धा पहा

* दहा आज्ञा
* सोन्याचे वासरू
* सात प्रमुख पापे
* आध्यात्मिक साधना (इग्नेशियस लोयोला)
* क्रिस्तपुराण
* अपरिग्रह